पार्कं गेली, चकडोळ टिकला : कोनी आयलंड पाहून आल्यावर

कोठीवाली
पहाटे ३:५०

मंडळी, नमस्कार. लेकीच्या बाळंतपणाला ब्रुकलिनला गेले होते, दसरा उलटल्यावर परत आलो. बडोद्याचं नवरात्र हुकलं, त्याचं दुःख वेगळ्या धाग्यात. सध्या पहाटे तीनला टक्क जाग येते. हे मात्र घोरतायत. म्हटलं, जे डोक्यात घोळतंय ते लिहून टाकावं.

नात सव्वा महिन्याची झाली तेव्हा जावई म्हणाले, आई, तुम्ही दोघं एक रविवार बाहेर पडा, डिंकाचे लाडू वळून हात दुखले असतील. मला समुद्र बघायचा होता. बडोद्याच्या माणसाला समुद्र म्हणजे डुमस नाहीतर तिथल, तेही गाडी काढून. तिथे मेट्रोत बसलं की शेवटच्या स्टेशनला कोनी आयलंडचा समुद्र. स्टेशनचं नाव स्टिलवेल ॲव्हेन्यू, चार लायनी तिथे येऊन संपतात. बाहेर पडलं की समोर नेथन्सचं हॉटडॉगचं दुकान, थोडं पुढे लाकडी फळ्यांचा लांबलचक रस्ता, त्यापलीकडे वाळू. आणि डाव्या हाताला वंडर व्हील. आपल्या बडोदेकर भाषेत चकडोळ. (पुण्याच्या मंडळींनी पाळणा वाचावं.)

उंची १५० फूट, १९२० पासून फिरतंय. डबे २४. त्यातले पांढरे ८ कडेला पक्के बसवलेले, बाकीचे लाल-निळे १६ आतल्या वळणदार रुळांवर सुटे. रांगा दोन. यांनी आखूड रांग धरली. मी पाटी वाचेपर्यंत आम्हाला आत बसवून जाळीचं दार लावलंसुद्धा. डबा वर चढला, लांब एक जहाज दिसलं, मी म्हटलं, किती छान. आणि तेवढ्यात डबा सुटला! चाकाच्या आतल्या अंगाकडून कडेपर्यंत घरंगळत गेला आणि तिथे आपटून झोके खात राहिला. मी 'गणपती बाप्पा' म्हटलं ते शेजारच्या डब्यातल्या पोरालाही ऐकू गेलं असावं. हे डोळे गच्च मिटून बसले होते. (त्यांना हे मान्य नाही.)

खाली आल्यावर कुतूहल जागं झालं. लेकीचं लायब्ररीचं कार्ड होतंच. पुढचा महिनाभर दुपारी बाळ झोपलं की मी तेच वाचत होते.

हे आयलंड आता आयलंड नाही. मधली खाडी बरीचशी बुजवली, जमिनीला जोडलं गेलं. १८८४ साली तिथे उतारावरून घसरणारी गाडी आली, पाच सेंट तिकीट, वेग ताशी सहा मैल. आपली लुना त्याहून जोरात जायची. १८९५ला कुंपण घालून दाराशी तिकीट लावणारं पहिलं पार्क निघालं. मग तीन मोठी. स्टीपलचेस १८९७, लूना १९०३, ड्रीमलँड १९०४. लूना पार्कात अडीच लाख दिवे होते. घरात दिवा म्हणजे रॉकेलचा किंवा गॅसचा अशा काळात, संध्याकाळी समुद्रावरून येणाऱ्या माणसाला ते कसं दिसत असेल!

यातलं स्टीपलचेसवाल्या टिलयूचं पात्र मला फार आवडलं. १८९३च्या शिकागोच्या प्रदर्शनातलं फेरीस चाक त्याला विकत हवं होतं, मिळालं नाही. मग त्याने निम्म्या मापाचं बनवायला टाकलं आणि रिकाम्या जागेवर बोर्ड लावला की जगातलं सर्वांत मोठं चाक इथे उभं राहणार आहे. १९०७ला सगळं पार्क जळालं. दुसऱ्या दिवशी याचा बोर्ड हजर : जळकं पार्क बघायचं तिकीट, दहा सेंट.

तर मुद्दा. ड्रीमलँड १९११ला जळालं, परत उभं राहिलंच नाही. लूना १९४४च्या आगीत गेलं, त्या जागेवर आज उंच इमारती आहेत. स्टीपलचेस १९६४ला बंद पडलं. ज्यांच्यासाठी जग तिथे लोटायचं त्या तिन्हींतलं, स्टीपलचेसचा एक लोखंडी मनोरा सोडला तर, काही उरलं नाही. टिकलं काय? एक चाक, एक लाकडी रुळांची घसरगाडी आणि एक सॉसेजचं दुकान.

चाकाची गोष्ट सांगते. डीनोस वुरडेरिस नावाचा ग्रीक माणूस तिथे खाद्यपदार्थ विकायचा. १९४८ साली त्याने लूला नावाच्या मुलीला या चाकाखाली मागणी घातली आणि म्हणाला, लग्न कर, एक दिवस हे चाक तुला घेऊन देईन. १९८३ला घेतलं. पस्तीस वर्षांनी! तेव्हा तो भाग इतका ओसाड होता की लोकांनी त्याला वेड्यात काढलं असणार. आज त्याच्या घरातली पुढची पिढी ते चालवते. दर हिवाळ्यात डबे उतरवतात, रंगवतात, परत चढवतात.

मला वाटतं, जागा जगली ती अशा माणसांमुळे. मोठ्या मालकांनी ती फक्त विकत घेतली नाहीतर पाडली. तुम्हाला काय वाटतं?

तात्या सलाटवाडा
सकाळी ७:१५

कोठीवाल्या ताई, नातीचं अभिनंदन. पेढे कुठे?

लेख छान आहे, पण अमेरिकेचं कौतुक जरा हात राखून करा. सयाजीराव महाराज १९०६ साली अमेरिकेत होते. म्हणजे तुमची ती तिन्ही पार्कं तेव्हा झगमगत होती. महाराजांनी तिथून आणली काय, तर लायब्ररी. बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल १९१०ला बडोद्यात येऊन बसला आणि गावोगाव पुस्तकं पोचली. चकडोळ नाही आणला.

आणि करमणूक म्हणाल तर आपल्याकडे पाणीगेटजवळ अगड होता ने! हत्तींची साठमारी. आजोबा सांगायचे, पडद्यामागून राणीवसा बघायचा.

कोठीवाली
सकाळी ७:४०

तात्या, पेढे दुलीरामकडून आणून ठेवलेत, या.

हत्तींचं तुम्ही काढलंत म्हणून. लूना पार्क उघडायच्या आधीच, ४ जानेवारी १९०३ला, तिथे टॉप्सी नावाच्या हत्तिणीला विजेचा झटका देऊन मारलं. माणूस मारला म्हणून ती बदनाम झाली होती. आधी तिकीट लावून फाशी द्यायचा बेत होता, प्राणीदयावाल्यांनी अडवला, तरी विजेला ते तयार झाले. एडिसनच्या कंपनीने त्याचं चित्रीकरण केलं. मी ते बघितलं नाही आणि बघणार नाही. तेव्हा कौतुक हात राखूनच करतेय.

रात्रपाळी
सकाळी ८:०५

ड्यूटीवरून आत्ताच आले, झोपायच्या आधी लिहिते. काकू, तुम्ही कोनी आयलंडला जाऊन आलात आणि पेट्यांबद्दल एक ओळ नाही?

मी अठरा वर्षं नवजात बाळांच्या विभागात आहे. सातव्या महिन्यात झालेलं बाळ पेटीत ठेवलं की आजी लोक काचेला नाक लावून उभ्या राहतात, आम्ही हाकलतो. तिथे काचेला नाक लावायचे पंचवीस सेंट होते. मार्टिन कूनी नावाचा गृहस्थ १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं कोनी आयलंडवर अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं प्रदर्शन चालवत होता. चकडोळ, घसरगाड्या, आरडाओरडा, आणि मध्ये ही पेट्यांची खोली. बाहेर माणूस ओरडून गिऱ्हाईक बोलवायचा.

ऐकायला किळसवाणं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण तेव्हा बहुतेक दवाखान्यांत अशा बाळांसाठी काहीच नव्हतं. घरी न्या, वाट बघा, एवढंच. कूनी आईबापांकडून एक पैसा घ्यायचा नाही. सगळा खर्च बघ्यांच्या तिकिटातून. नर्सा, दूध पाजणाऱ्या दाया, स्वच्छता, सगळं कडक. त्याच्याकडे आलेल्या साधारण ८,००० बाळांपैकी ६,५०० वाचली असं सांगितलं जातं. १९०७ला त्याची स्वतःची मुलगी अपुऱ्या दिवसांची झाली, तीही पेटीत, तीही प्रदर्शनात. मोठी होऊन त्याच्याबरोबर नर्सचं काम करू लागली.

तो खरा डॉक्टर होता का यावर आजही शंका घेतात. माझं मत विचाराल तर, आमच्या विभागात पदवीवाले खूप येतात, पण हात धुतल्याशिवाय पेटीला हात लावणाऱ्यांना बाहेर काढणारे कमी.

एक गोष्ट मनातून जात नाही. त्याची एक नर्स बाळ किती लहान आहे हे दाखवायला आपल्या बोटातली अंगठी काढायची आणि बाळाच्या मनगटात घालायची. सहज जायची. परवा रात्री आमच्याकडे साडेआठशे ग्रॅमचं एक आलं. मी माझ्या अंगठीकडे बघितलं. घातली नाही अर्थात.

१९४३ला न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दवाखान्यात अशा बाळांसाठी विभाग सुरू झाला, त्याच वर्षी कूनीने दुकान बंद केलं. झोपते आता.

स्पॅनर
सकाळी १०:३०

रात्रपाळी ताई, प्रतिसाद दोनदा वाचला.

मी निवृत्त फिटर-कम-इंजिनिअर, मकरपुऱ्यात हयात गेली. काकूंनी घसरगाडी एका शब्दात उरकली. ती सायक्लोन, २६ जून १९२७ला चालू झाली. नावाला लाकडी, सांगाडा पोलादी, रूळ मात्र लाकडाचे. पहिला उतार ८५ फुटांचा, ताशी साठ मैलांपर्यंत वेग. आणि त्याला मोटर एकदाच लागते, साखळीने वर ओढून नेईपर्यंत. तिथे साखळी सोडते, पुढे सगळं गुरुत्वाकर्षण. पुढच्या सगळ्या टेकड्या पहिलीपेक्षा बुटक्या ठेवायच्या, कारण घर्षणात वेग खर्च होतो. कागदावर शाळेतलं गणित. प्रत्यक्षात लाकूड पावसाने फुगतं, उन्हाने आकसतं, बोल्ट सैल होतात. असली गाडी चालवायची तर रोज रूळ पायी तपासावे लागतात. त्या ग्रीक कुटुंबाचं हिवाळी काम मला कळतं. आम्ही खंडेनवमीला लेथला हार घालायचो. ते लोक मोसम सुरू होताना, पाम संडेला (ईस्टरच्या आधीचा रविवार), पाद्र्याला बोलावून पाळण्यांना आशीर्वाद देतात. एकच गोष्ट.

१९७७च्या जुलैत सगळ्या न्यूयॉर्कची वीज गेली तेव्हा वंडर व्हीलवर माणसं अडकली होती. चाक हाताने फिरवून एकेक डबा खाली आणला. ही सोय ज्याने १९२०च्या आधी ड्रॉइंगमध्ये ठेवली त्याला नमस्कार. आजच्या किती मशिनरींना हाताने फिरवायची सोय असते?

आता कडू. ड्रीमलँड कशामुळे जळालं वाचलंत का? २७ मे १९११ची पहाट, मोसमाचा पहिला दिवस उजाडायचा होता. 'नरकाचं दार' नावाच्या एका राइडमध्ये पाणी गळत होतं, कामगार गरम डांबर लावून भेगा बुजवत होते. दिवे फुटले, अंधारात डांबराची बादली लवंडली. पार्क सगळं लाकडी पट्ट्या आणि प्लॅस्टरचं, वरून पांढरा रंग. सकाळपर्यंत संपलं. पेट्यांमधली बाळं सगळी सुखरूप बाहेर काढली, जनावरं मात्र बरीच गेली.

आणि २५ मे २०२४, राजकोट. गेम झोन चालू, आत माणसं, आणि वेल्डिंगचं काम सुरू. ११३ वर्षांनी तीच चूक. यावर जास्त लिहवत नाही.

सराफ्यातला
सकाळी ११:१०

इंदूरहून हजेरी. सॉसेजच्या दुकानावर कोणी बोलेचना?

फेल्टमन नावाचा जर्मन माणूस १८६७पासून तिथे गाडीवर सॉसेज विकायचा, पुढे मोठं रेस्टॉरंट झालं. तिथला नोकर नेथन हँडवर्कर, पोलंडहून आलेला. १९१६ला त्याने स्वतःची टपरी टाकली. मालकाचा हॉटडॉग दहा सेंटला, याचा पाचला. लोकांना वाटलं, इतकं स्वस्त म्हणजे मांसात काहीतरी गडबड. मग त्याने म्हणे डॉक्टरांसारखे पांढरे कोट घातलेली माणसं टपरीपुढे उभी करून खायला लावली. डॉक्टर खातायत म्हणजे चांगलंच असणार!

हा माणूस आमच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत शोभला असता. हलके घ्या.

नकाशावाला
दुपारी १:२०

युनिव्हर्सिटीत नगररचना शिकतोय. कोठीवाली काकू, धागा मस्त, पण तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही.

कुटुंबांनी यंत्रं जपली, मान्य. पण ती यंत्रं मैलभर आत, बस न जाणाऱ्या जागी असती तर? १९२०च्या सुमाराला मेट्रो पोचली, पाच सेंटांत शहराच्या कुठल्याही टोकाहून समुद्र. कडक उन्हाळ्याच्या रविवारी दहा लाख माणसं यायची. तिकीट पाच सेंट, हॉटडॉग पाच सेंट, राइड पाच सेंट. गरिबाला परवडणारी सुट्टी म्हणून ती जागा टिकली. रूळ अजून तिथे आहेत म्हणूनच तुम्ही दोघं जाऊ शकलात. आपल्याकडे आजव्याला जायचं तर बघा, गाडी नसेल तर अर्धा दिवस जाण्यायेण्यात.

दुसरं, कायदा. सायक्लोन १९८८ला आणि वंडर व्हील १९८९ला शहराने संरक्षित वारसा ठरवली. त्यानंतर मालक कोणीही येवो, पाडता येत नाही.

तिसरं, पैसा. २००० नंतर एका बिल्डर कंपनीने बरीच जमीन घेतली, जुनं ॲस्ट्रोलँड २००८ला बंद झालं. तेव्हा शहराने २००९ला जवळपास सात एकर जमीन ९ कोटी ५६ लाख डॉलरला विकत घेतली, करमणुकीसाठीच राखीव ठेवली, आणि चालवायला दिली. २०१०ला नवं लूना पार्क उघडलं. हे एखाद्या डीनोसच्या आवाक्यातलं नव्हतं.

कोठीवाली
दुपारी ४:०५

नकाशावाल्या बाळा, शाब्बास. मेट्रोचं तर शंभर टक्के मान्य, मी काठी घेऊन गेले होते तिथे.

पण शहराला इतकं सोवळं नको करूस. याच शहराच्या रॉबर्ट मोझेस नावाच्या बड्या अधिकाऱ्याला तो गजबजाट आवडत नव्हता. त्याच्या काळात करमणुकीच्या पट्ट्यावर उंच घरं आली, मत्स्यालय आलं. स्टीपलचेस बंद पडल्यावर फ्रेड ट्रम्पने (हो, त्यांचेच वडील) जागा घेतली. तिथे इमारती बांधायच्या होत्या. वारसा म्हणून कोणी अडवायच्या आत १९६६ला त्याने पाहुणे बोलावून पाडण्याची पार्टी केली. पाहुण्यांच्या हातात विटा दिल्या आणि पार्कची काच फोडायला लावली. त्या काचेवर हसऱ्या तोंडाचं चित्र होतं. इमारतींना परवानगी मिळाली नाहीच, जागा १९६९ला शहराला विकली. आणि २०००च्या नोव्हेंबरात थंडरबोल्ट नावाची जुनी घसरगाडी बुलडोझर लावून पाडली ती कोणी? शहरानेच. पुढे कोर्टात ते चुकीचं ठरलं. गाडी थोडीच परत आली.

तुझ्या कायद्याचंही सांगते. तिथे एक २५० फुटांचा लोखंडी मनोरा आहे, पॅराशूट जंप. १९३९च्या जागतिक मेळ्यातून उचलून आणलेला. त्याला १९७७ला वारशाचा दर्जा दिला, थोड्याच दिवसांत काढून घेतला, १९८९ला परत दिला. मधल्या बारा वर्षांत तो पाडला गेला नाही.

आणि माणसांची बाजू विसरू नकोस. सगळं ओसाड होतं तेव्हा, १९८०ला, एका नाटकवेड्या माणसाने तिथे संस्था काढली, १९८३पासून जलपऱ्यांची मिरवणूक सुरू केली. लोक माशाच्या शेपट्या लावून, अंगाला चमचम फासून रस्त्यावर. अजून दरवर्षी निघते. गल्लीतल्या गणपतीसारखं आहे ते, वर्गणी, वाद आणि उत्साह.

२०१२च्या ऑक्टोबरात सँडी वादळाचं समुद्राचं पाणी सगळ्या पट्ट्यात शिरलं. पुढच्या मोसमाला चाक फिरत होतं. आता २०२५ला तिथे कॅसिनो आणायचा घाट होता. फळ्यांच्या रस्त्यावर विरोधाची पोस्टरं मी पाहिली. मी तिथे असतानाच, सप्टेंबरच्या शेवटी, स्थानिक समितीने तो नामंजूर केला. लेकीच्या शेजारीणबाईंनी केक आणला होता त्या दिवशी.

नकाशावाला
दुपारी ४:३०

काकू, थंडरबोल्टचं माहीत नव्हतं. ते माझ्याविरुद्ध जातं हे कबूल. बाकी मुद्दे कायम. :-)

तात्या सलाटवाडा
रात्री ९:५०

सकाळी मी जरा फटकून बोललो. दुपारभर डोक्यात चकडोळ फिरत होता.

आमच्या लहानपणी उन्हाळ्यात मैदानावर मेळा लागायचा. चकडोळ लाकडी, चार खोके, आणि मोटर म्हणजे दोन माणसं. एक खांबावर चढून पायाने ढकलायचा, दुसरा खालून हाताने. वर गेलं की सुरसागरपर्यंत दिसतं असं आम्ही एकमेकांना सांगायचो. दिसायचं नाही, झाडं होती. वरून उलटं होताना खिशातली नाणी पडायची. खाली चकडोळवाल्याचा पोरगा ती गोळा करायचा आणि उतरल्यावर इमानदारीने परत द्यायचा. एक ठेवून. दर वेळी एकच. आम्ही कधी भांडलो नाही, तो त्याचा दर होता असं धरून चालायचो.

पुढे मौत का कुआँ आला, मोटरसायकलवाला भिंतीवरून जाताना आमच्या हातातली नोट उचलायचा. तेव्हापासून लाकडी चकडोळ दिसला नाही. तो पोरगा आता साठीचा असेल.

नकाशावाल्या, तुझी मेट्रो आणि कायदा बरोबर असेल. पण चकडोळवाल्याला वर्षभर सामान ठेवायला जागा कोण देतं? तिथे त्या ग्रीक माणसाची जमीन स्वतःची होती का, ते सांग. आमचा पोरगा दर पंधरा दिवसांनी खोके बैलगाडीत भरायचा.

नकाशावाला
रात्री १०:१५

तात्या, हा प्रश्न आमच्या सरांना विचारायला हवा. माझ्या प्रोजेक्टला विषय मिळाला बहुतेक. मेळेवाल्यांशी बोलायला तुम्ही बरोबर याल का? मला दार उघडणार नाहीत, तुम्हाला चहा देतील.

तात्या सलाटवाडा
रात्री १०:२०

येतो ने. सकाळी ये, दहानंतर. गुडघा दहापर्यंत चालत नाही.

कोठीवालीचे हे
रात्री ११:४५

या धाग्यासाठीच खातं उघडलं आहे. मी डोळे मिटले नव्हते. ऊन समोरून येत होतं. आखूड रांग मीच धरली, हे मात्र खरं, आणि परत गेलो तर तीच धरीन. हिने लिहिलं नाही, पण उतरल्यावर 'अजून एकदा' कोण म्हणालं ते विचारा.

कोठीवाली
रात्री ११:५२

झोपा आता.